कुंपणच शेत खातं तेव्हा

मैत्रिणींनो, लहान लेकराला मधुमेह झाला की पहिलं बोट आईकडेच का हो वळतं? "गोडधोड फार चारलंस!" चंद्रपूर असो की गडचिरोली, हे बोल आईलाच ऐकावे लागतात. तेव्हा एक गोष्ट पक्की समजून घ्या. मुलांना बहुधा होणारा हा मधुमेह, ज्याला डॉक्टर 'टाइप वन' म्हणतात, तो साखर खाल्ल्यानं होत नाही. त्यात आईचा दोष नसतो.

मग होतं काय? रक्तातल्या पांढऱ्या पेशी म्हणजे शरीराचं कुंपण. त्यांतल्या 'टी पेशी' छातीतल्या थायमस ग्रंथीत तयार होतात. आपलं कोण, परकं कोण, याची पारख तिथेच होते आणि आपल्यांवर उठणाऱ्या बहुतेक पेशी तिथेच बाद होतात. काही मात्र निसटतात. त्या स्वादुपिंडात शिरून इन्शुलिन बनवणाऱ्या बीटा पेशींनाच शत्रू समजून मारत सुटतात. कुंपणानंच शेत खाल्लं म्हणा ना! हे कित्येक महिने, कधी वर्षानुवर्षं गुपचूप चालतं.

पुढे मूल सारखं पाणी मागतं, सारखं लघवीला जातं, सुटलेली सवय परतून अंथरूण ओलं करतं, भरपूर जेवूनही वाळतं. अशा वेळी 'ऊन लागलं असेल' म्हणून थांबू नका; रक्तातली साखर तपासून घ्या. उलट्या, पोटदुखी, जोरजोरात श्वास आणि श्वासाला पिकल्या फळासारखा वास, ही लक्षणं दिसली तर त्याच घटकेला दवाखाना गाठा.

यावर उपाय इन्शुलिनचाच. १९२१ साली टोरांटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी ते वेगळं काढलं. त्याआधी ही मुलं फार दिवस जगत नसत. "मुळी देतो, सुई सोडवतो" म्हणणारे भेटतील. पण मेलेल्या बीटा पेशी मुळीनं उगवत नाहीत, आणि सुई थांबली तर दोन-चार दिवसांतही जिवावर बेततं. टी पेशींना आवर घालणारं 'टेप्लिझुमॅब' २०२२ साली अमेरिकेत मंजूर झालं खरं, पण ते आजार लांबवतं, बरा करत नाही.

आता घरातलं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात इन्शुलिन उघड्यावर नासतं. फ्रिज असेल तर दारातल्या कप्प्यात ठेवा, बर्फाच्या कप्प्यात कधीच नको. फ्रिज नसेल तर मोठ्या मडक्यात ओली वाळू भरा, तीत लहान मडकं बसवा आणि कुपी झाकणाच्या डबीत घालून आत ठेवा. मडकं सावलीत ठेवा, वाळू सुकू देऊ नका.

दुसरं, आपल्या भागात सिकलसेल बरंच आढळतं. घरात कुणाला असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा. तीन महिन्यांच्या साखरेची तपासणी अशा रक्तात फसवी येऊ शकते.

आणि लेकीचा आजार 'लग्न कसं जमेल' म्हणून लपवू नका, बरं! शाळेत बाईंना सांगून ठेवा. वेळेवर सुई, वेळेवर जेवण आणि नियमित तपासणी सांभाळली तर ती शिकेल, संसार करेल, आईही होईल.