औषध रुग्णाचे, परवाना भांडवलाचा

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने २०१९ च्या ऑक्टोबर महिन्यात एक लहानसा कायदा संमत केला. गरीब रुग्णांना औषध म्हणून विनामूल्य दिल्या जाणाऱ्या गांजावर यापुढे कर आकारला जाणार नाही, ही त्यातील मुख्य तरतूद. कायद्याला डेनिस पेरॉन आणि ‘ब्राउनी मेरी’ या दोघांची नावे देण्यात आली. दान केलेल्या औषधावर कर बसू नये यासाठी एका संपन्न राज्याच्या विधिमंडळाला स्वतंत्र कायदा करावा लागला, ही गोष्ट वरकरणी विनोदी वाटेल. परंतु ज्या दोघांच्या नावे तो झाला, त्यांच्याच चळवळीतून औषधी गांजाचा हा सारा व्यवहार जन्मास आला होता, आणि त्या व्यवहारातून सर्वप्रथम हद्दपार झाला तो ज्याच्या खिशात पैसा नाही असा रुग्ण, हे ध्यानी घेतले म्हणजे हसू मावळते.

१९८० नंतरच्या दशकात सॅन फ्रान्सिस्को शहरात एड्सने हाहाकार माजविला होता. रुग्णांच्या पोटात अन्न ठरत नसे आणि पाहता पाहता माणूस हाडांचा सापळा होई. मेरी रॅथबन ही आयुष्यभर खानावळीत गिऱ्हाइकांना वाढण्याचे काम केलेली बाई. ती सार्वजनिक रुग्णालयाच्या एड्स विभागात स्वयंसेविका म्हणून जाई आणि गांजा घालून घरी भाजलेला केक रुग्णांना वाटी. त्याने मळमळ थांबते आणि भूक लागते, एवढेच तिचे वैद्यकशास्त्र. १९९२ मध्ये सत्तरीला आलेल्या या बाईला पोलिसांनी पुन्हा एकदा पकडले. पेरॉन हा व्हिएतनाम युद्धातून परतलेला सैनिक. त्याचा जोडीदार एड्सने गेला. त्याने रुग्णांना गांजा मिळवून देणारे मंडळ शहरात उघडले. १९९१ मध्ये शहरातील ७९ टक्के मतदारांनी औषधी वापरास अनुकूल कौल दिला, आणि १९९६ च्या नोव्हेंबरात राज्यव्यापी सार्वमतात ५५ टक्क्यांहून अधिक मतांनी तो कायदा झाला.

त्या कायद्याचा मजकूर आज वाचण्याजोगा आहे. डॉक्टरची शिफारस असलेल्या रुग्णाने किंवा त्याची शुश्रूषा करणाऱ्याने गांजाचे झाड लावले अथवा जवळ बाळगले, तर तो गुन्हा ठरणार नाही, असा त्याचा साधा आशय. त्यात व्यापारी परवान्याचा उल्लेख नाही, कंपनीचा तर नाहीच. २००३ मध्ये राज्याने रुग्णांच्या एकत्रित लागवडीस मान्यता दिली, तेव्हाही नफ्यासाठी विक्री करण्यास मुभा नाही, असे स्पष्ट बजावले होते. आजारी माणसांनी परस्परांच्या साहाय्यासाठी उभारलेली ही एक सहकारी रचना होती. तीत गैरप्रकार नव्हते असे नाही. शिफारशीचे कागद विकणारे डॉक्टर तेथेही निपजले. पण रचनेचा पाया गरज हा होता.

केंद्र सरकारला ही रचना कधीच मानवली नाही. १९७० च्या केंद्रीय कायद्याने गांजा पहिल्या अनुसूचीत, म्हणजे ज्याचा औषधी उपयोग मान्यच नाही अशा पदार्थांत टाकला होता. ऑगस्ट २००२ मध्ये केंद्रीय अधिकाऱ्यांनी एका रुग्णाची घरची सहा झाडे उपटून नेली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २००५ मध्ये निकाल लागला, की घरी स्वतःसाठी लावलेले आणि कोणालाही न विकलेले झाडसुद्धा आंतरराज्यीय व्यापारावर परिणाम घडविते, म्हणून केंद्राला तेथे हात घालता येतो. ज्याने काही विकले नाही, काही विकत घेतले नाही, तो माणूस कायद्याच्या लेखी व्यापारी ठरला. पुढील दोन दशकांत खरा व्यापार उभा राहिला, तेव्हा मात्र कायद्याची नजर पुष्कळच मवाळ झाली.

फ्लॉरिडाचे उदाहरण पाहावे. तेथील २०१४ च्या पहिल्या कायद्याने गांजाच्या लागवडीचा परवाना कोणाला मिळेल याच्या अटी घातल्या त्या अशा: अर्जदार रोपवाटिका किमान तीस वर्षे अखंड चाललेली असावी, तिची चार लाख झाडे वाढविण्याची क्षमता असावी आणि तिने पन्नास लाख डॉलरचा हमीरोखा भरावा. २०१६ मध्ये ७१ टक्के मतदारांनी राज्यघटनेतच औषधी गांजाचा हक्क नोंदविला. तरीही पुढील वर्षीच्या कायद्याने लागवड, प्रक्रिया, वाहतूक आणि दुकान हे सर्व एकाच परवानाधारकाने करावे, अशी सक्ती कायम ठेवली, आणि २०२१ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. शेतकऱ्याने पिकवावे, औषधविक्रेत्याने विकावे, ही जगाची साधी रीत. ती येथे बेकायदा ठरली. रुग्णाला घरी एक झाड लावण्याची मुभा नाही. केंद्रीय कृषी खात्याच्या वर्णभेदाला बळी पडलेल्या कृष्णवर्णीय शेतकऱ्यांसाठी एक, अक्षरशः एक, परवाना राखून ठेवण्यात आला आणि तोही प्रत्यक्ष देण्यास २०२२ साल उजाडले. आता याच राज्यात २०२४ साली औषधापलीकडे सर्व प्रौढांना गांजा खुला करण्याचे सार्वमत झाले, तेव्हा प्रचारासाठी सर्वांत मोठ्या परवानाधारक कंपनीने दहा कोटी डॉलरहून अधिक रक्कम ओतली. त्या प्रस्तावातही घरच्या झाडाला स्थान नव्हते. साठ टक्क्यांची अट असल्यामुळे तो नामंजूर झाला, हा भाग निराळा.

कॅलिफोर्नियात हेच अधिक सभ्यपणे घडले. २०१६ च्या सार्वमताने प्रौढांसाठी विक्री खुली करताना लहान शेतकऱ्यांना वचन दिले होते, की पहिली पाच वर्षे मोठ्या लागवडीचे परवाने दिले जाणार नाहीत. विक्री सुरू होण्याच्या तोंडावर, २०१७ च्या नोव्हेंबरात, खात्याने नियम प्रसिद्ध केले. लहान परवान्याची मर्यादा दहा हजार चौरस फूट राहिली; मात्र एका मालकाने असे किती परवाने घ्यावेत, यावर मर्यादाच ठेवली नाही. वचन शब्दशः पाळले गेले आणि लहान परवान्यांची चळत रचून मोठे मळे उभे राहिले. डोंगराळ उत्तर भागातील जे लहान उत्पादक आपल्या पिकातील वाटा रुग्णांना फुकट देत असत, त्यांच्या मागे परवाना शुल्क, तपासणी शुल्क आणि कर लागले. दानावरही कर लागू झाला. सुरुवातीस उल्लेखिलेला कायदा त्यानंतर दोन वर्षांनी आला. तोवर मोफत वाटपाचे अनेक उपक्रम बंद पडले होते.

यावर कोणी म्हणेल की परवाना स्वस्त आणि मुक्त केला म्हणजे मक्तेदारी मोडेल. ओक्लाहोमाने २०१८ मध्ये नेमके तेच केले. अडीच हजार डॉलर भरणाऱ्या कोणालाही व्यवसायाचा परवाना, संख्येवर बंधन नाही, रोगांची यादी नाही. परिणामी हजारो मळे निघाले, स्थानिक माणसाचे नाव पुढे करून बाहेरच्या पैशाने जमिनी बळकावल्या, आणि २०२२ मध्ये राज्याला नवे परवाने देणे थांबवावे लागले. खुल्या बाजाराने मक्तेदारीचा रोग बरा होतो, या श्रद्धेला तेथे चांगलीच किंमत मोजावी लागली.

कामगाराची कथा याहून बोलकी आहे. कोलोरॅडोमध्ये हातापायांतील शक्ती गमावलेला एक तरुण दूरध्वनीवरून ग्राहकांच्या तक्रारी ऐकण्याची नोकरी करीत असे. स्नायूंचे झटके आवरण्यासाठी तो राज्याच्या कायद्यानुसार, कामाच्या वेळेबाहेर, स्वतःच्या घरी गांजा घेई. चाचणीत अंश सापडला म्हणून २०१० मध्ये त्याला काढून टाकण्यात आले. कामावर तो नशेत होता असा आरोप मालकानेही केला नव्हता. २०१५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने, केंद्राला अमान्य असलेले कृत्य कायदेशीर म्हणता येत नाही, अशा युक्तिवादावर मालकाचे म्हणणे मान्य केले. त्याच राज्यात त्या वेळी गांजाच्या दुकानांतून उघड विक्री होत होती आणि सरकारी तिजोरीत त्याचा कर जमा होत होता. म्हणजे विकणाऱ्याचा परवाना ग्राह्य आणि घेणाऱ्याची शिफारस निरर्थक!

केंद्राने २०२४ च्या मे महिन्यात गांजा तिसऱ्या अनुसूचीत नेण्याचा प्रस्ताव मांडला, तेव्हा त्याचे पुरोगामी सुधारणा म्हणून स्वागत झाले. या बदलाचा सर्वांत रोकडा लाभ कोणाला, हे तपासले पाहिजे. पहिल्या व दुसऱ्या अनुसूचीतील पदार्थांच्या व्यापाऱ्यांना भाडे, पगार इत्यादी खर्च उत्पन्नातून वजा करण्यास १९८२ पासून मनाई आहे. तिसऱ्या अनुसूचीत गेल्यावर ती त्यांना लागू राहत नाही. कंपन्यांचा ताळेबंद त्यामुळे एका दिवसात सुधारतो. परंतु अनुसूची बदलल्याने दुकानातील गांजाचा खर्च आरोग्य विम्याने उचलावा असे कोणावरही बंधन येत नाही. रुग्ण पूर्वीप्रमाणेच रोख मोजणार.

महाराष्ट्रातील समाजवादी चळवळ नशाबंदीच्या संस्कारात वाढली आहे आणि गांजाचे नाव काढताच तिच्या कपाळाला आठी पडणे स्वाभाविक आहे. ती आठी सर्वस्वी अनाठायी नाही. गांजा सर्वरोगहारक असल्याचा जो बाजारी गजर चालतो, त्याला शास्त्राचा आधार नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने २०१७ मध्ये उपलब्ध पुरावा तपासला, तेव्हा प्रौढांच्या जुनाट वेदना, कर्करोगावरील औषधांनी होणारी मळमळ आणि मज्जासंस्थेच्या एका रोगातील स्नायूंचा ताठरपणा, एवढ्यांपुरताच भक्कम आधार तिला दिसला. परंतु एवढी यादी तरी लहान म्हणावी काय? वेदनेने तळमळणाऱ्या माणसापुढे नशाबंदीचे व्याख्यान देणे हा संयम नव्हे. भारताने हा अनुभव मॉर्फिनच्या बाबतीत घेतलेला आहे. १९८५ चा अमली पदार्थविरोधी कायदा गुन्हेगारावर डोळा ठेवून रचला गेला. परवान्यांच्या जंजाळाला भिऊन रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणे सोडले, आणि कर्करोगाचे असंख्य रुग्ण तळमळत गेले. ती चूक दुरुस्त करण्यास २०१४ साल उजाडावे लागले.

त्याच १९८५ च्या कायद्याच्या दहाव्या कलमाने गांजाच्या झाडाच्या लागवडीचे नियमन करण्याचा अधिकार राज्यांना दिलेला आहे. उत्तराखंडाने २०१८ मध्ये औद्योगिक भांगेच्या लागवडीस परवानगी दिली, तेव्हा पहिला परवाना गेला तो उद्योजकांच्या संघटनेकडे. हिमाचल प्रदेशाच्या विधानसभेने २०२४ च्या सप्टेंबरात औषधी व औद्योगिक उपयोगासाठी नियंत्रित लागवडीचा अहवाल स्वीकारला आहे. ज्या कुलूच्या खोऱ्यात हे झाड लावल्याबद्दल शेतकऱ्याला दहा वर्षांपर्यंतच्या सक्तमजुरीची भीती बाळगावी लागते, तेथेच उद्या सरकारी शिक्क्याने ते उभे राहील. ते कोणाच्या शेतात उभे राहील, हे नियमावली ठरवील.

या उपखंडाला त्यासाठी फ्लॉरिडाकडे पाहण्याचे कारण नाही. बंगालमधील नौगाव येथे, जे आज बांगलादेशात आहे, १९१७ मध्ये गांजा पिकविणाऱ्या शेतकऱ्यांची सहकारी संस्था स्थापन झाली होती. लागवड सरकारी परवान्याने, माल संस्थेच्या गोदामात, आणि नफ्याचा भाग शाळा व दवाखान्यांसाठी, अशी तिची व्यवस्था होती. परकीय सत्तेला त्यात महसुलाचीच गोडी होती, हे खरे. तरीही मध्यस्थाला बाजूस सारून पिकविणाऱ्याच्या हाती पीक ठेवता येते, एवढे तिने दाखविले.

हिमाचलच्या नियमांत म्हणूनच तीन गोष्टी स्पष्ट शब्दांत यावयास हव्यात: एका मालकाकडे किती परवाने असावेत त्याची कमाल मर्यादा, शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थांना अग्रहक्क, आणि तयार होणाऱ्या औषधाचा ठराविक वाटा सरकारी रुग्णालयांतून विनामूल्य देण्याचे बंधन. कंपन्यांचे प्रतिनिधी सिमल्यास पोहोचण्यास वेळ लावणार नाहीत. त्यांच्याआधी तेथील शेतकरी सभांनी आणि कर्करोग रुग्णालयांतील डॉक्टरांनी आपले म्हणणे लेखी सादर करावे.