दोन चॅनेलच्या तारा एकत्र जोडू नका

मा. संपादक,

एकच स्पीकर असेल तर स्टिरिओ अँप्लिफायरच्या दोन्ही चॅनेलच्या लाल तारा एकत्र जोडाव्यात, हा आपल्या अंकातला सल्ला धोक्याचा आहे. दोन्हींचे सिग्नल वेगळे असतात. प्रवाह स्पीकर सोडून एका चॅनेलमधून दुसऱ्यात घुसतो आणि आउटपुट ट्रान्झिस्टर जळू शकतात. ब्रिज जोडणी तशी सोय असलेल्या अँप्लिफायरवरच चालते. तिथेही ८ ओहमचा स्पीकर प्रत्येक चॅनेलला ४ ओहमचा भासतो.

रिकामा चॅनेल बिघडतो, हे त्याच सल्ल्यातले म्हणणेही ट्रान्झिस्टर अँप्लिफायरबाबत खरे नाही. स्पीकर एकाच चॅनेलला जोडला तर भजनातला दुसऱ्या बाजूचा पखवाज ऐकू येत नाही, एवढीच तक्रार रास्त. त्यासाठी मोनोचे बटण दाबावे, नाहीतर दोन्ही सिग्नल अँप्लिफायरच्या आधीच, प्रत्येकी १ किलोओहमच्या रेझिस्टरमधून, एकत्र करावेत. आमच्याकडे देवळांचे अँप्लिफायर वर्गणीतून येतात. ते जळू नयेत म्हणून या सल्ल्याची दुरुस्ती पुढच्याच अंकात छापावी.

– एक वाचक, कमलनगर (जि. बीदर)