‘धरून ठेवा’ हा सल्ला कुणासाठी?

क्रिप्टोचे भाव कोसळले की सगळीकडून एकच सल्ला येतो. घाबरू नका, विकू नका, धरून ठेवा. ऑक्टोबर २०२५ च्या सुरुवातीला एका बिटकॉइनचा भाव सव्वा लाख डॉलरच्या वर गेला होता. १० ऑक्टोबरला भाव पडला आणि जगभरातले सुमारे १९ अब्ज डॉलरचे उधारीवरचे सौदे बळजबरीने कापले गेले. नोव्हेंबरमध्ये भाव नव्वद हजारांच्याही खाली आला. हा प्रश्न आता मुंबई-पुण्याच्या आयटीवाल्यांपुरता राहिलेला नाही. मार्कंडा, चामोर्शी, मूल, सावली या वैनगंगेच्या दोन्ही काठांवरची आपली पोरंसुद्धा मोबाईल हातात घेऊन विचारतात, विकू, ठेवू, की पडलेल्या भावात आणखी घेऊ? त्यांना उत्तर देणारे जे यूट्यूबवर बसले आहेत, त्यांच्या घरी पगार येतो, भाडे येते, बापाची जमीन आहे. म्हणून या सल्ल्याची चिकित्सा आपणच केली पाहिजे.

धरून ठेवणे ही हिंमतीची गोष्ट आहे असे सांगितले जाते. ती ऐपतीची गोष्ट आहे. हे आपल्या भागातल्या माणसाला अर्थशास्त्राच्या पुस्तकातून शिकावे लागत नाही. धान निघाला की लहान शेतकरी तो मळणीबरोबरच विकतो, कारण कृषी केंद्राची उधारी उभी असते, पोरीचे लग्न असते. खरेदी केंद्रावर दिला तर चुकारा कधी मिळेल याचा भरवसा नाही, म्हणून हमीभावापेक्षा कमी भावात व्यापाऱ्याला देतो. व्यापारी तोच धान गोदामात ठेवतो. मोह्याचे तर विचारूच नका. उन्हाळ्यात पहाटे उठून वेचलेली फुले मातीमोल भावात जातात आणि पावसाळ्यात तीच फुले वेचणाऱ्यालाच चढ्या भावात विकत घ्यावी लागतात. भाव पुढे चढणार हे मोहा वेचणाऱ्या बाईला कळत नाही असे कुणाला वाटत असेल तर त्याने तिच्याशी एकदा बोलून पाहावे. तिला सगळे कळते. तिच्याकडे थांबायला चार महिन्यांचे रेशन नसते, एवढेच.

क्रिप्टोचे गणित याहून वेगळे नाही. तेंदूपत्त्याच्या हंगामात सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधून आईने मिळवलेले पैसे मुलाने क्रिप्टोत टाकले असतील, तर ते जूनमध्ये बियाण्याला लागणार आहेत. बाजार जूनपर्यंत सावरेल की तीन वर्षांनी, हे कोणीही सांगू शकत नाही. ज्याच्या पैशाला तारीख आहे त्याने धरून ठेवायचे म्हणजे काय करायचे? बचतगटाचा हप्ता चुकवायचा? सावकाराकडे जायचे?

‘बिटकॉइन दरवेळी वर आलेच आहे ना’ असा प्रतिवाद येतो. आले आहे, खोटे कशाला बोलू? डिसेंबर २०१७ मध्ये ते वीस हजार डॉलरच्या जवळ होते, वर्षभरात सव्वातीन हजारांच्या आसपास उतरले. नोव्हेंबर २०२१ मध्ये एकोणसत्तर हजारांच्या घरात गेले, पुढच्या नोव्हेंबरात सोळा हजारांच्या खाली आले, आणि २०२४ मध्ये पुन्हा नवा उच्चांक केला. पण यात दोन गोष्टी लपवल्या जातात. एक म्हणजे मधला काळ. २०२१ च्या शिखरावर घेणाऱ्याला नुसती मूळ रक्कम परत दिसायला दोन वर्षांहून जास्त थांबावे लागले. दुसरी म्हणजे जी नाणी परत आलीच नाहीत त्यांची नावे कोणी घेत नाही. मे २०२२ मध्ये लुना नावाचे नाणे ऐंशी डॉलरच्या आसपासून आठवड्याभरात जवळपास शून्यावर आले. ते धरून ठेवणाऱ्यांनीही ‘धरून ठेवा’ हाच मंत्र ऐकला होता. मेलेल्यांची मोजदाद न करता जगलेल्यांच्या जोरावर सल्ला द्यायचा, ही युक्ती भोंदूबाबाच्या अंगाऱ्याइतकीच जुनी आहे.

आता आपल्या तरुणांना विशेष भुलवणाऱ्या एका युक्तिवादाकडे वळतो. ‘बँक तुमची जात बघते, बिटकॉइन बघत नाही.’ पहिल्या अर्ध्या वाक्यात तथ्य आहे. वस्तीतल्या सुशिक्षित पोराला धंद्यासाठी कर्ज मागायला गेल्यावर जामीनदार आणि तारण यांच्या नावाखाली कसे परतवतात, ते वेगळे सांगायला नको. सरकारी भरती रखडलेली, अनुशेष भरलेला नाही, अशा वेळी मोबाईलवर कोणी शंभर रुपयांपासून सुरुवात करा म्हणत असेल तर पोरगा वळणारच. त्याला लोभी म्हणून हिणवणाऱ्यांशी माझे भांडण आहे. पण दुसरे अर्धे वाक्य अपुरे आहे. नाणे विकत घेताना जात विचारत नाहीत हे खरे. भाव पडल्यावर कोण तगतो आणि कोण तोट्यात विकून बाहेर पडतो, तिथे मात्र पिढीजात जमीन, दुकान आणि सोने बोलते. जात त्यातच साठवलेली असते.

काही जण तर बाबासाहेबांनाच साक्षीला बोलावतात. बाबासाहेबांनी ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ या १९२३ च्या ग्रंथात चलन छापण्यावर मर्यादा हवी असे सांगितले, बिटकॉइनची संख्याही २ कोटी १० लाखांवर बांधलेली आहे, म्हणजे बाबासाहेब आज बिटकॉइनच्या बाजूने असते! हा निष्कर्ष ग्रंथ न वाचता काढलेला आहे. सुवर्ण विनिमय पद्धतीत रुपया किती काढायचा हे सरकारच्या मर्जीवर राहते, त्याने रुपयाची खरेदीशक्ती घसरते, म्हणून बाबासाहेबांनी त्या पद्धतीला विरोध केला. केन्ससारख्या अर्थशास्त्रज्ञाने उचलून धरलेल्या पद्धतीविरुद्ध ते उभे राहिले. १९२५ साली हिल्टन यंग आयोगापुढे साक्ष देतानाही त्यांचा भर रुपयाच्या स्थैर्यावरच होता. मर्यादा हे साधन होते, स्थैर्य हे साध्य. आणि स्थैर्य कुणासाठी? रुपया पडला की व्यापाऱ्याला नफा होतो, पण तो नफा येतो कुठून, तर भावाच्या मानाने मजुरी वाढत नाही त्यातून येतो, हे त्यांनी तेव्हाच दाखवून दिले होते. एका वर्षात तीन चतुर्थांश किंमत गमावणाऱ्या वस्तूला या कसोटीवर चलन म्हणता येईल का? तिच्यात मजुरी दिली तर महिनाअखेरीस मजुराच्या घरात किती तांदूळ येईल? बाबासाहेबांचे नाव घ्यायचे असेल तर हा प्रश्नही घ्यावा लागेल.

आपल्या महाराष्ट्रात तर भाव पडण्याची वाट न पाहताही लोक बुडाले. ‘गेनबिटकॉइन’ने महिन्याला दहा टक्के, तेही अठरा महिने, असे आमिष दाखवले. आधी बिटकॉइनमध्ये परतावा दिला, मग २०१७ मध्ये एमकॅप नावाचे घरचेच नाणे लोकांच्या माथी मारले. त्याला बाजारात किंमत नव्हती. एप्रिल २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी सूत्रधाराला अटक केली. पुढे मार्च २०२२ मध्ये, याच तपासात पोलिसांना मदत करायला घेतलेल्या दोन तज्ज्ञांनाच जप्तीतली नाणी लाटल्याच्या आरोपावरून अटक झाली. त्यांतला एक माजी आयपीएस अधिकारी. चोराला पकडायला गेलेल्यांवरच चोरीचा आरोप, आता बोला! नागपुरातही ‘इथर ट्रेड एशिया’च्या नावाखाली लोकांना कोट्यवधींना गंडवल्याचे प्रकरण झाले. या साखळ्या अनोळखी माणसाकडून येत नाहीत. मावसभाऊ आणतो, मित्र आणतो, समाजाच्या कार्यक्रमात शेजारी बसणारा आणतो. समाज म्हणून आपण एकमेकांवर जो विश्वास टाकतो तोच त्यांचे भांडवल असतो.

म्हणून विकू की ठेवू याच्या आधी एक चाचणी करा. ॲपमधून पाचशे रुपये स्वतःच्या बँक खात्यात काढून बघा. आले, तर पुढचा विचार करू. ‘आधी कर भरा, मग पैसे सुटतील’ किंवा ‘आणखी दोन माणसे जोडा’ असे उत्तर आले, तर तुमच्याकडे नाणे नाही, स्क्रीनवर आकडा आहे. आणखी एक रुपयाही घालू नका. १९३० वर फोन करा, स्क्रीनशॉट जपा, पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या, आणि ज्याने जोडले तो नात्यातला आहे म्हणून गप्प बसू नका.

नाणे खरे असेल आणि पैसा कर्जाचा असेल, बचतगटाचा असेल, किंवा येत्या वर्षभरात शेती, शिक्षण, दवाखान्याला लागणारा असेल, तर विका. तोटा सोसून विका. क्रिप्टो चढेल की नाही माहीत नाही, सावकाराचे व्याज मात्र नक्की चढते. पडलेल्या भावात आणखी घेऊन ‘सरासरी’ काढण्याच्या भानगडीत तर अजिबात पडू नका, उधारीवर तर नाहीच. बुडाला तरी घरची चूल अडणार नाही असा पैसा असेल, तर ठेवायचे की नाही ते ज्याचे त्याने ठरवावे. पण तेव्हाही नाणी कुठे ठेवली आहेत ते बघा. १८ जुलै २०२४ ला वझीरएक्समधून सुमारे २३ कोटी डॉलरची नाणी चोरीला गेली आणि ग्राहकांची क्रिप्टो वर्षाहून अधिक काळ अडकली. त्या वर्षात ज्यांना विकायचे होते त्यांना विकताही आले नाही. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा आहे, इथे तो नाही.

यात सरकारचा वाटा मात्र पक्का आहे. १ एप्रिल २०२२ पासून क्रिप्टोच्या नफ्यावर सरसकट ३० टक्के कर आहे. शेतमजुराच्या पोरालाही तीस आणि करोडपतीलाही तीस. एका नाण्यातला तोटा दुसऱ्या नाण्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही. विक्रीवर १ टक्का टीडीएस कापला जातो. उत्पन्न कमी असेल तर विवरणपत्र भरून तो परत मागता येतो, पण आपल्याकडे किती जण भरतात? कर घेताना सरकारला क्रिप्टो दिसते, गुंतवणूकदाराला संरक्षण देताना दिसत नाही. ४ मार्च २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने रिझर्व्ह बँकेचे २०१८ चे बंधन रद्द केले, त्यानंतर संसदेने स्वतंत्र कायदा करायला हवा होता. तो अजून नाही.

१९४७ मध्ये ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये बाबासाहेबांनी विमा राज्याच्या मालकीचा असावा आणि प्रत्येक प्रौढाने आपल्या मजुरीच्या प्रमाणात विमा काढणे सक्तीचे असावे, अशी मागणी केली होती. म्हातारपण, आजारपण आणि मरण यांच्यापुढे मजूर एकटा पडू नये, हा त्यामागचा हेतू. ती जबाबदारी राज्याने झटकली, म्हणून आज चामोर्शीचा पोरगा बापाच्या ऑपरेशनचा खर्च लाल-हिरव्या रेघांमध्ये शोधतो आहे. त्याने काय विकावे हे आम्ही सांगू. त्याला हा जुगार का खेळावा लागला, हे ज्यांना विचारायचे त्यांना येत्या ग्रामसभेपासून विचारायला सुरुवात करू.