रानातल्या गुरांची हजेरी



राखीव रान म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे येते ती ‘चराईबंदी’ची पाटी. इंग्लंडात मात्र कित्येक राखीव रानांत गुरं मुद्दाम सोडतात. ती दुधासाठी नव्हेत, रानाच्या मशागतीसाठी.

तिथं कुरण नुसतं राखून ठेवलं, तर राठ गवत माजतं, काटेरी झुडपं वाढतात, लहान फुलझाडं गुदमरतात आणि त्यांवर जगणारी फुलपाखरंही जातात. मेंढी गवत मुळापाशी कुरतडते. गाय जिभेचा वेढा घालून गवत ओढते, त्यामुळे कुठं आखूड, कुठं उंच असं राहतं. किड्यामुंग्यांना आणि पाखरांना तेच मानवतं. केंब्रिजशायरमधल्या विकेन फेन या पाणथळ रानाचा पहिला तुकडा नॅशनल ट्रस्ट या संस्थेनं १८९९ साली घेतला. आज तिथं लांब केसांची हायलँड गुरं चरतात.

आपल्या देशातही याचा दाखला आहे. राजस्थानात भरतपूरच्या पक्षी-उद्यानात १९८२ साली चराई बंद झाली. पुढं तिथल्या पाणथळीत गवत इतकं माजलं की पाखरांना मोकळं पाणी कमी पडू लागलं. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या अभ्यासकांनीच ते नोंदवलं. म्हणून कुणी राष्ट्रीय उद्यानात गुरं घुसवू नयेत. कायद्यानं तिथं चराईला मनाई आहे, आणि बेसुमार चराईनं उघडे पडलेले डोंगर आपण रोज पाहतोच. गुरं किती, केव्हा आणि किती दिवस, यावर सगळं अवलंबून आहे.

आता मुद्द्याची गोष्ट. मालक शेतकरी लांब राहतो, गुरं रानात. मग त्यांच्याकडे बघायचं कुणी? माणसाच्या देखरेखीवर अवलंबून असलेल्या जनावरांची रोज किमान एकदा पाहणी व्हावी, असा इंग्लंडात २००७ सालचा नियम आहे. एकट्या मालकाला ते जमत नाही. म्हणून आसपासचे लोक स्वयंसेवक होतात. कुणी निवृत्त, कुणी नोकरदार. आधी शिकवणी होते, मग वार वाटून घेतात. अशा राखण्याला तिकडे ‘लुकर’ म्हणतात, म्हणजे बघणारा. केंटच्या दलदलीत मेंढ्या राखणाऱ्या मजुरांचं हे जुनं नाव.

हा बघणारा काय बघतो?

१) मोजणी. दहा सोडली तर दहा दिसलीच पाहिजेत. एक कमी भरलं तर ते सापडेपर्यंत शोध. ते चरात अडकलेलं असेल, नाहीतर व्यायला आडोशाला गेलेलं असेल.

२) चाल. लंगडतंय का? कळप उठून चालला तरी एखादं मागं राहतंय का?

३) तोंड, डोळे, नाक. लाळ गळते का, डोळ्यांतून पाणी येतं का? निवांत बसलेलं जनावर रवंथ करतंय का?

४) पोट आणि शेण. डावी कूस फुगली असेल तर वेळ दवडायचा नाही. पोटफुगी काही तासांत जनावर नेते.

५) पाणी आणि कुंपण. हौद भरलेला आहे का? तार तुटली आहे का?

गाय आणि वासरू यांच्या मधे जायचं नाही, बरोबरचं कुत्रं मोकळं सोडायचं नाही, औषधाला स्वतः हात लावायचा नाही. काही वावगं दिसलं की बिल्ल्याचा नंबर वाचून लगेच मालकाला कळवायचं. बघणं त्याचं, इलाज डॉक्टरचा.

मंडळी, आपल्याकडे हे काम गुराखी करत होता. प्रत्येक जनावर तो चालीवरून ओळखायचा. आज गावोगाव गुराखी मिळेनासा झाला आहे. सकाळी गुरं गायरानात हाकलायची आणि सांज झाली की दावणीला मोजायची, ही रीत पडली. मधल्या आठ-दहा तासांत पोट फुगलेली गाय सांजेला दावणीवर येत नाही, तिची फक्त खबर येते. ज्या घरात एकाच गाईच्या दुधावर किराणा आणि मुलांची वह्या-पुस्तकं चालतात, त्या घराचा सगळा हिशेबच कोलमडतो.

तेव्हा एवढं करून पाहा. ज्यांची गुरं एका गायरानात चरतात, अशा सहा-सात घरांनी वार वाटून घ्यावेत. ज्याचा वार, त्यानं दुपारी एक फेरी मारून सगळ्यांचीच गुरं वरच्या पाच मुद्द्यांनी बघावीत. कानातल्या पिवळ्या बिल्ल्याचा बारा अंकी नंबर घरोघर वहीत लिहून ठेवावा, त्याशेजारी मालकाचा आणि पशुवैद्यकीय दवाखान्याचा फोन. अभयारण्यालगतच्या गावांनी लसीकरण चुकवू नये. रोग गुरांकडून रानातल्या जनावरांकडे जातो आणि तिकडून परतही येतो.

खर्च शून्य, वेळ अर्धा-पाऊण तास. घरातल्या बाईमाणसांना या कामात जरूर घ्या. धार काढणाऱ्या हाताला जनावराचं दुखणं आधी कळतं.