मुक्ती कोणाची आणि कशापासून?

‘नियंत्रणमुक्ती’ हा शब्द सरकारी पत्रकांतून, व्यापारी मंडळांच्या ठरावांतून आणि, कबूल केलेच पाहिजे, आमच्या स्वतःच्या स्तंभांतूनही सर्रास योजला जातो. शब्द मोठा गोड आहे. ‘मुक्ती’ म्हटले की बंधन वाईटच होते हे सिद्ध करण्याची गरज उरत नाही. निकाल शब्दातच दिलेला असतो. म्हणूनच त्याचा अर्थ तपासून घेणे अगत्याचे आहे.

मराठीत नियंत्रण आणि नियमन असे दोन शब्द आहेत. माल कोणी, किती काढावा व कोणत्या भावाने विकावा हे सरकारने ठरविणे, हे नियंत्रण. माल कोणीही काढो, बॉयलर तपासलेला असावा, सांडपाणी नदीत सोडू नये, वजन पुरे भरावे, हे नियमन. २४ जुलै १९९१ च्या औद्योगिक धोरणाने १८ उद्योग वगळता बाकीच्यांची परवान्याची अट काढली. ते नियंत्रण होते. ते गेले व कारखानदाराचे दिल्लीचे हेलपाटे वाचले, हे इष्टच झाले. परंतु त्याच पुण्याईवर कारखाना निरीक्षकही नको असे कोणी म्हणू लागल्यास त्यास भोपाळचे स्मरण द्यावे लागेल. डिसेंबर १९८४ मध्ये जेथील विषारी वायूने हजारोंचे बळी घेतले, त्या कारखान्याजवळ परवाना होता. सुरक्षिततेवर देखरेख मात्र ढिली होती.

उलटपक्षी, घोषणा झाली म्हणजे मुक्ती मिळाली असेही नव्हे. २०१३ साली साखरधंदा नियंत्रणमुक्त झाल्याचे सांगण्यात आले. लेव्ही उठली, विक्रीचा कोटा उठला. २०१८ साली मासिक कोटा परतला, जोडीस किमान विक्रीदर आला. २०२२ साली निर्यातीवर बंधन आले. उसाचा किमान दर ठरविणे तर सरकारने कधी सोडलेच नव्हते. यांतील काही उपाय ऊस उत्पादकांची थकबाकी भागावी म्हणून आवश्यक असतीलही. आमचा आक्षेप त्यांस नाही. ‘मुक्त’ या शब्दावर विसंबून ज्याने हिशेब मांडला त्याची फसगत झाली, हे आमचे म्हणणे आहे.

तेव्हा हा शब्द जो उच्चारील त्यास वाचकांनी विचारावे: कोणता नियम उठला? तो कोणाच्या रक्षणासाठी होता? ते रक्षण आता कोण करणार? आमच्यापुरते सांगावयाचे तर, यापुढे या स्तंभांत मोघम ‘नियंत्रणमुक्ती’ न लिहिता उठलेल्या नियमाचे नाव लिहिण्याचा आमचा निश्चय आहे.