फरशीवरची पांढरी वलये



गेल्या महिन्यात दीपनगरच्या वीज केंद्राच्या वसाहतीत एका आजींना पाहायला गेलो होतो. न्हाणीघरात त्या घसरल्या होत्या. सुदैवाने मनगट मुरगळण्यावर निभावले. “फरशी तर कोरडी होती, डॉक्टर,” असे त्या पुनःपुन्हा सांगत होत्या. फरशी खरोखरच कोरडी असावी, पण पाऊल ओले होते. नळाखाली एकात एक पांढुरकी वलये दिसत होती.

ही वलये म्हणजे वाळलेला साबण. साबणाच्या रेणूचे एक टोक पाण्याकडे ओढ घेते, दुसरे पाण्यापासून दूर राहू पाहते. त्यामुळे साबणाचा पातळ पापुद्रा सर्वत्र पसरतो. साचलेले पाणी कडेने लवकर वाळते. तेथील तूट भरून काढण्यास आतले पाणी साबणासह कडेकडे वाहते आणि रेघ उमटते. कड आत सरकून पुन्हा थबकली, की दुसरी रेघ. बोअरच्या जड पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम यांच्याशी साबणाचा संयोग होऊन चिकट साका बसतो. तो नुसत्या पाण्याने जात नाही. या थरावर ओले पाऊल पडले, की ते निसटते.

म्हणजे वलये आपल्याला धोक्याची जागा दाखवतात. दुपारी फरशी वाळल्यावर बॅटरीचा उजेड तिरपा टाकून पाहा. वलये असतील तेथे पाणी तुंबते. तो उतार गवंड्याकडून दुरुस्त करून घ्या आणि शेजारच्या भिंतीत आधाराचा दांडा पक्का बसवा. टॉवेलच्या दांडीवर भार देऊ नये.

थर घरातील तरुणांनी काढावा. साध्या टाइल्सवर पातळ व्हिनेगर दहा मिनिटे ठेवून ब्रशने घासावे व भरपूर पाण्याने धुवावे. शहाबादी, कडप्पा वा संगमरवरावर आम्ल वापरू नये. दगड खराब होतो. व्हिनेगर किंवा ॲसिड ब्लीचिंगमध्ये कधीही मिसळू नका. विषारी वायू निघतो. रोज स्नानानंतर वायपरने पाणी ओढून घेतले, तर थर बसायला वावच उरत नाही.

तरीही कोणी पडलेच, तर घाईने उभे करू नका. पाय आखूड वा बाहेर वळलेला दिसला, किंवा त्यावर भार देता येत नसेल, तर खुब्याचे हाड मोडले असण्याची शक्यता धरून रुग्णाला न हलवता रुग्णवाहिका बोलवा.

आज दुपारी आपल्या न्हाणीघरात एकदा डोकावून पाहा.