बोटांत बळ, मग पाटीवर अक्षर

हजारो वर्षे ज्या समाजाच्या हाताला अक्षराचा स्पर्शही होऊ दिला नाही, त्या समाजातले आईबाप आज तीन वर्षांच्या लेकराच्या हाती पेन्सिल देतात. यामागची तळमळ आम्ही जाणतो. पोटाला चिमटा घेऊन बाप केजीची फी भरतो, संध्याकाळी वही उघडून पाहतो. वही भरलेली दिसली की पैसे सार्थकी लागले, असे त्याला वाटते. शिक्षणाचा बाजार मांडणाऱ्यांनी हीच तळमळ हेरली आहे.

पण हाताचे शास्त्र काय सांगते? तीन वर्षांच्या मुलाच्या मनगटातली सर्व हाडे अजून तयार झालेली नसतात. आधी खांदा, मग कोपर-मनगट आणि शेवटी बोटे ताब्यात येतात. डोळ्यांनी पाहिलेला आकार हाताने उतरवणे हेही क्रमानेच जमते. साधारण तिसऱ्या वर्षी गोल, चौथ्या वर्षी अधिकचे चिन्ह, पुढे चौकोन आणि पाचव्या वर्षाच्या सुमारास त्रिकोण. आपले देवनागरी अक्षर उभी रेघ, अर्धगोल, गाठ आणि शिरोरेषा यांचे बनलेले. हे आकार हातात बसण्याआधी 'क' गिरवायला लावला, तर मूल पेन्सिल मुठीत आवळते, चुकते आणि लिहिण्याला भिऊ लागते. मग वर्गात त्याला 'मठ्ठ' ठरवले जाते. आमच्या मुलांच्या बाबतीत तर 'यांना अक्षर कुठून येणार' हा जुना जातीय शेराही मागोमाग येतो. दोष पद्धतीचा, शिक्षा लेकराला!

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ हा पायाभूत टप्पा मानला आणि खेळातून शिक्षणाचा पुरस्कार केला. महाराष्ट्रात २०२५-२६ पासून पहिलीत हे धोरण लागू झाले. कागद चांगला आहे. पण हक्काचे काय?

संविधान सभेत २३ नोव्हेंबर १९४८ रोजी ही तरतूद फक्त प्राथमिक शिक्षणापुरती ठेवावी, अशी दुरुस्ती आली होती. बाबासाहेबांनी ती मान्य केली नाही. चौदा वर्षे पूर्ण होईपर्यंत प्रत्येक बालक, अशी कलम ४५ ची व्याप्ती ठरली. त्यात सहा वर्षांखालील मूलही होते. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वयालाच मूलभूत हक्क दिला आणि सहाच्या आतील मुलांना 'राज्य प्रयत्न करील' एवढ्यावर सोडले. ज्या वयात हात आणि डोळा घडतो, नेमके तेच वय हक्काबाहेर! श्रीमंताचे मूल खेळण्यांनी भरलेल्या वर्गात जाते. आमचे मूल अंगणवाडीत, जिथे एकच सेविका आहार वाटते, वजने घेते, मोबाईलवर माहिती भरते आणि उरल्या वेळात शिकवते.

म्हणून आमचे म्हणणे स्पष्ट आहे. तीन ते सहा वयाचे शिक्षण मूलभूत हक्क झाले पाहिजे. प्रत्येक अंगणवाडीला स्वतंत्र खोली, खेळसाहित्य आणि शिकवण्यासाठी वेळ असलेली, पुरेशा वेतनाची सेविका मिळाली पाहिजे.

तोवर आपणही हात बांधून बसू नये. मातीचे गोळे वळणे, शेंगा सोलणे, मणी ओवणे, कागद फाडून चिकटवणे, ओल्या मातीत बोटाने रेघा ओढणे, भिंतीवर खडूने मोठे गोल काढणे, याला पैसे लागत नाहीत. बोटांना बळ यातूनच येते. डावखुऱ्या मुलाचा हात बदलू नये. रविवारी विहारात वंदनेनंतर तासभर लहान मुलांसाठी द्यावा. महिला मंडळांनी हे काम सहज अंगावर घ्यावे.

सावित्रीमाईंनी १८४८ मध्ये शिकवायला सुरुवात केली, तेव्हा अक्षर मिळवण्यासाठीच झगडावे लागले. आज झगडा आहे तो अक्षराआधीच्या तीन वर्षांसाठी. ती वर्षे आमच्या मुलांना मिळालीच पाहिजेत.

जय भीम!